सांधलेला कोपरा

१

माणसं निवृत्त झाली की बाग करतात, ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन भांडतात, फार तर सिद्धेश्वराच्या तळ्याला फेऱ्या मारतात. बिभीषण ताकभाते यांनी काय करावं? तर मेलेल्या सेनापतींची पत्रं गोळा करावीत! तीही कुठली तरी नव्हे. खाली त्या माणसाची स्वतःच्या हातची सही पाहिजे. नक्कल नको, कारकुनाची सही नको, नुसता शिक्का तर नकोच नको. जुळे सोलापुरातल्या त्या कॉलनीत एवढ्यावरून त्यांची पोटभर चेष्टा व्हायची, पण चेष्टेनं हटेल तो ताकभाते कसला.

सारी हयात त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दहाव्याची कार्डं. शाईचा वास नाकात आणि कागदाची पारख बोटात इतकी मुरली होती की, छापखाना विकल्यावर हात रिकामे राहीनात. मग हा नाद लागला. वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतभर फ्रेमा होत्या. कुणी किल्लेदार, कुणी रिसालदार, कुणी पलटणीचा सुभेदार. प्रत्येक पत्राचे चारही कोपरे शाबूत. फाटक्या कोपऱ्याचा कागद बिभीषणरावांना बघवायचाच नाही.

रोजचा क्रम ठरलेला. दुपारचं जेवण झालं की वर जायचं, कूलर लावायचा, हात साबणानं धुवून कोरडे करायचे आणि टेबलाशी बसायचं. खाली त्यांची बायको कस्तुराबाई वैरागहून आणलेल्या दगडी उखळात शेंगांची चटणी कुटत असायची. त्यांचा एकुलता एक अभिमन्यू सैन्यात होता, पार वर, बर्फात. त्याला चटणीचा डबा पाठवायचा म्हणजे कस्तुराबाईंचं व्रतच होतं. खालून मुसळाचा धप्‌ धप्‌ आवाज आणि वरती कूलरची घरघर, असं ते घर दुपारभर चालू असायचं.

२

त्यांच्या भिंतीवर सगळे होते, फक्त सरलष्कर नव्हता. एखाद्या संस्थानच्या अख्ख्या फौजेचा मुख्य असा माणूस. ती एक जागा त्यांनी मुद्दाम रिकामी ठेवली होती आणि तिथला खिळा त्यांना रोज टोचायचा.

अक्कलकोटच्या पलीकडे एका खेड्यात कमलम्मा नावाच्या म्हातारीकडे असा कागद असल्याचं कळलं, आणि हे भर उन्हात एसटीनं गेले. म्हातारीनं कागद घरातून आणला नाही. गोठ्याच्या वळचणीत खोचलेली पत्र्याची नळी होती, त्यातून काढला.

बिभीषणरावांनी तो उजेडात धरला. छापील कागद. पहिल्या महायुद्धाच्या वेळचा. संस्थानची तुकडी समुद्रापार गेली होती, तिथली माणसं पडली की त्यांच्या घरी जायचा तो हा कागद. 'मौजे ———— येथील ———— यांचे घरी कळविणेत येते की, आपल्या घरचे ———— हे सरकारकामी खर्ची पडले. सबुरी धरावी.' आणि खाली सरलष्करांची झोकदार, खरी, ओली असताना जराशी पसरलेली सही. सरलष्करांनी असे कागद आधीच सह्या करून ठेवले असणार. गाव, घराणं, नाव मागाहून कारकून भरणार. या कागदावर मात्र तिन्ही जागा कोऱ्या होत्या.

दोष एवढाच, की उजवा वरचा कोपरा फाडलेला होता.

"हे कुणी केलं हो?" बिभीषणराव कळवळून म्हणाले.

"माझ्या सासूनं," कमलम्मा म्हणाली. "तसंच असू द्या, अण्णा. जोडू बेड, जोडू नका. फाटका हाय तवर निजलेला हाय."

कानडी मुलखातली म्हातारी, काहीतरी मानत असेल, असं म्हणून त्यांनी मान डोलावली. तिनं पैसे घेतले नाहीत. कागद त्यांच्या हातात गेल्यावर तिनं दारातल्या रांजणातलं पाणी घेतलं आणि हात कोपरापर्यंत धुतले.

कोपरा फाडण्याचा अर्थ बिभीषणरावांना ठाऊक नव्हता असं कसं म्हणावं? दहाव्याची कार्डं द्यायची तर गठ्ठ्यातल्या पहिल्या कार्डाचा कोपरा ते स्वतःच्या हातानं फाडून देत. पण संग्राहकाची नजर वेगळी, ती वाईट खोड. त्या नजरेला सुतक दिसत नाही, नुकसान दिसतं. घरी येऊन त्यांनी त्याच काळच्या एका कोऱ्या कागदाचा तुकडा शोधला, गव्हाची खळ शिजवली आणि कोपरा असा सांधला की स्वतःवरच खूष झाले. मग फ्रेम त्या रिकाम्या खिळ्याला लावली.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर बंद होता. वीज गेली होती. खाली कस्तुराबाईंनी कुटायचं थांबवलं होतं. घर अगदी गप्प होतं, आणि त्या गप्पपणात खोलीत कुरकुर असा बारीक आवाज येत होता.

बिभीषणरावांनी पाल शोधली. उंदीर शोधला. कूलरच्या जाळीत वाळलेला वाळा होता, तो उन्हानं तडकत असेल म्हणून त्याला कान लावला. आवाज तिथं नव्हता. थोडा चाले, थोडा थांबे. त्यांच्या छापखान्यात पूर्वी एक म्हातारा अक्षरं काढायला यायचा, बोरूनं. बोरू शाईत बुडवायचा, झटकायचा, मग कागदावर कुरकुर. थांबण्याची लय हुबेहूब तीच.

"काहीतरीच," ते स्वतःशी म्हणाले आणि खाली जाऊन झोपले.

संध्याकाळी फ्रेम पुसताना त्यांचा हात थबकला. 'मौजे'च्या पुढची जागा कोरी नव्हती. तिथं तपकिरी शाईत, जुन्या वळणाच्या अक्षरात 'वैराग' असं लिहिलेलं होतं.

वैराग म्हणजे त्यांचं गाव!

माणूस घाबरला की आधी शहाणपणा शोधतो. त्यांनीही शोधला. जुनी शाई लोखंडाची, ती पुसट होते आणि ओल लागली की पुन्हा वर येते. आपण खळ लावली, कागदाला ओल लागली, मुळातलं अक्षर उमटलं. वैरागचंही कुणी तेव्हा फौजेत असेल, त्यात नवल काय? सगळं बरोबर जुळत होतं. फक्त त्यांनी कागद घेतला तेव्हा भिंगाखाली घालून कण न्‌ कण तपासला होता, तेवढं एक जुळत नव्हतं.

४

कस्तुराबाई त्या खोलीत सहसा जायच्या नाहीत. "मेल्यांची गर्दी ती," म्हणायच्या. पण चहा देण्यासाठी वर आल्या आणि कप हातात तसाच धरून फ्रेमपुढं उभ्या राहिल्या. चौथीपर्यंत शिकलेली बाई, बोटानं एकेक अक्षर लावत वाचत गेली.

"अवो, ह्ये आपलं नाव कुनी लिवलं?"

"कुठलं नाव?"

"ह्ये की. 'ताकभाते यांचे घरी'."

ते ताडकन उठले. सकाळी तिथं काही नव्हतं. आता होतं. 'मौजे वैराग येथील ताकभाते यांचे घरी'. शाई अजून चकाकत होती.

कस्तुराबाईंनी कप टेबलावर ठेवला. "मातीचं पत्र हाय ह्ये. व्हय ना?"

"जुनं आहे गं. शंभर वर्षांपूर्वीचं."

"मातीचं पत्र आनि घरात टांगलं? भितीवर? माज्या चुलत्याच्या येळंला पत्र आलं तवा आजानं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. बाहेर उभं राहून वाचलं मोठ्यांदा, कोपरा फाडला, सगळ्यांनी डोक्यावरनं पानी घेतलं. मग ते पत्र पोचलं. कोपरा फाडल्याबिगर ते पोचत न्हाई, फिरतच ऱ्हातं." मग त्यांचं लक्ष वरच्या कोपऱ्याकडं गेलं. "ह्येचा तर कोपरा धड हाय की."

कस्तुराबाईंनी नवऱ्याचं तोंड बघितलं आणि काय ते ओळखलं. चाळीस वर्षांचा संसार, तिला सांगायची गरज नव्हती.

"तुमी सांधला," त्या म्हणाल्या. "आनि तिसरी जागा कुनाची?"

तेवढ्यात खाली फोन वाजला. अभिमन्यूचा होता. आवाज तुटत होता. "आबा, उद्या परवा आम्ही पुढच्या चौकीवर जातोय. तिथं रेंज नसते. फोन आला नाही तर काळजी करू नका. आईला सांगा, चटणी संपली."

फोन ठेवल्यावर दोघंही जिन्याकडं बघत राहिली. वरून, स्वच्छ, कुरकुर ऐकू येत होतं.

५

ताकभाते घाबरले, पण हातपाय गाळणारा हा गडी नव्हे. आपण केलेलं आपण निस्तरायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आधी कमलम्माच्या गावी फोन लावला. शेजारच्या नंदीश नावाच्या माणसानं उचलला. "आजी लेकीकडं गेली की. तुमचा फोन येईल म्हणली होती. कागद परत आणला तर दार उघडू नको म्हणून सांगून गेलीया."

मग त्यांनी फ्रेम उतरवली. आपली खळ आपणच सोडवायची, त्यात काय अवघड? ओला कापूस घेतला, सांध्यावर ठेवायला गेले आणि सांधा सापडेना. उजेडात धरून पाहिलं, भिंग लावलं, नखानं चाचपलं. स्वतःच्या हातचा जोड, पण कागद एकसंध होता. जणू तो कोपरा कधी फाटलाच नव्हता.

"मग कापतोच," ते म्हणाले आणि कात्री घेतली.

कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. "थांबा. आता घर आपलं हाय त्यावर. फाडलं म्हंजी आपल्याला पोचलं. काय पोचलं?"

"नाव कुठाय अजून? बिननावाचं कसलं पोचतंय?"

त्यांनी कात्रीची पाती कोपऱ्यावर टेकवली. लागलीच ते कुरकुरणं सुरू झालं, आता कानाशी, हाताच्या जवळ. त्यांच्या डोळ्यांदेखत तिसऱ्या कोऱ्या जागेवर डावीकडून उजवीकडं एक सरळ रेघ ओढली गेली. खाली टेबलावर अभिमन्यूच्या नंबरावरून फोन वाजला, एकदाच, आणि बंद पडला. परत लावला तर लागेना.

योगायोग, असं त्यांची अक्कल म्हणत होती. हातानं मात्र कात्री खाली ठेवून दिली.

ती रेघ काय आहे ते त्यांना विचारायला नको होतं. जुने लिहिणारे आधी वरची रेघ मारून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत. जागा मोजून धरलेली होती. आता लिहिणारा फक्त बोरू बुडवत होता.

"आपल्या घरात मानसं किती?" कस्तुराबाईंनी हळूच विचारलं.

"तिघं," ते म्हणाले. आणि बोलता बोलताच त्यांना वाट दिसली.

६

सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. बायकोला काही सांगितलं नाही. ठरलं होतं. रेघेखाली स्वतःचं नाव लिहायचं, अंगणात जाऊन मोठ्यांदा वाचायचं, कोपरा फाडायचा. चूक आपली, नाव आपलं. एवढं ठरल्यावर त्यांना खरोखर हलकं वाटलं. लग्नाच्या आदल्या दिवशीही वाटलं नव्हतं इतकं.

पण खोड जाते का? बॉलपेननं त्या कागदावर लिहायचं त्यांच्या जिवावर आलं. शाई तशीच हवी, टाक तसाच हवा, वळण तसंच हवं, नाहीतर त्या लिहिणाऱ्यानं ते मानलंच नाही तर? स्वतःला असं समजावत ते रिक्षानं नवी पेठेत गेले. एका दुकानात टाक मिळाला, तपकिरी शाई दुसरीकडं. तिसऱ्या दुकानात कागदावर ओढून पाहिली. परत यायला ऊन डोक्यावर आलं.

घराबाहेरच त्यांचे पाय अडखळले. अंगण ओलं होतं. नळाखाली बादली पालथी पडली होती. उखळाचा आवाज येत होता, धप्‌ धप्‌, रोजच्यासारखा.

ते थेट वर गेले. फ्रेम टेबलावर उघडी, कागद मोकळा. वरचा उजवा कोपरा फाडलेला. आणि त्या सरळ रेघेला चौथी पास बाईची वाकडीतिकडी अक्षरं टांगलेली होती, दुधाच्या हिशेबाच्या निळ्या बॉलपेननं लिहिलेली.

कस्तुरा.

ते बघत होते आणि निळी शाई हळूहळू तपकिरी होत होती. खोलीत कूलर बंद होता, तरी कसलाही आवाज नव्हता. लिहिणाऱ्याचं काम झालं होतं.

"कस्तुरे!" ते ओरडत खाली धावले.

त्या उखळापुढं बसल्या होत्या. केस ओले, पाठीवर मोकळे सोडलेले. चेहरा शांत होता, जत्रेहून आल्यावर असतो तसा दमलेला आणि शांत.

"काय केलंस हे? मी लिहिणार होतो! चूक माझी होती!"

"मला म्हाईत होतं तुमी लिवनार ते. दाढी केली तवाच कळलं." त्यांनी मूठभर शेंगदाणे उखळात टाकले. "तुमी शाई शोधाय गेलात. मला कशाला शाई लागतीया?"

बिभीषणराव तिथंच फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. रडायचं नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. बायकोनं त्यांना रडू दिलं, मध्ये एकदा पदरानं त्यांचं नाक पुसलं आणि पुन्हा मुसळ उचललं.

फोन वाजला. त्यांनी झडप घालून उचलला.

"आबा!" अभिमन्यू धापा टाकत होता. "मी बरा आहे. आधी ऐका, मी बरा आहे. आमची गाडी निघाली होती, मी बसलोसुद्धा होतो. ऐन वेळी साहेबांनी आम्हा सगळ्यांना उतरवलं. का ते त्यांना पण सांगता येईना. गाडी रिकामीच पुढं काढली, आणि वळणावर वरून सगळा डोंगर खाली आला. ड्रायव्हरनं उडी टाकली, वाचला. आई कुठाय?"

बिभीषणरावांनी फोन बायकोच्या कानाला लावला. "व्हय रं," ती म्हणत होती. "करतीया. चटनीच करतीया. पोटभर खा."

७

फोन ठेवून कस्तुराबाईंनी बोटानं चव घेतली आणि मीठ टाकलं. मग सहज म्हणाल्या, "बाहेर मानूस उभा हाय. पानी दिलं मी त्याला."

"कोण माणूस?"

"पत्राच्या मागनं आलेला. बस म्हनलं तर बसंना. म्हनला, तुमचं हातातलं काम उरका, मग निघू. घाई न्हाय."

"कसलं काम?"

"अभीचा डबा. दुसरं काय?"

बिभीषणराव उठले. फाटकाला पत्रा ठोकलेला होता. खाली वीतभर फट होती, मांजर येण्याजाण्यापुरती. तिच्यातून उन्हात उभे असलेले दोन पाय दिसत होते. पोटऱ्यांना खाली घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत खाकी पट्ट्या गुंडाळलेल्या. धूळ बसलेली, पण ती सोलापूरची धूळ नव्हती, पिवळी होती. शेजारी जमिनीवर त्यांच्याच घरचा स्टीलचा पेला रिकामा ठेवलेला होता.

त्यांनी फाटक उघडलं नाही. तेवढी अक्कल त्यांना होती.

ते परत आले तेव्हा कस्तुराबाई चटणी डब्यात भरत होत्या. डबा काठोकाठ आला होता, झाकण हातात होतं. बाहेर पाय वाजले. उभ्या माणसानं निघण्यापूर्वी भार बदलावा तसे.

बिभीषणरावांनी झाकण हिसकावून घेतलं.

"एवढ्यानं काय होतंय?" ते फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "एकटा अभी खाणार आहे का? सगळ्या पलटणीला पुरली पाहिजे!"

कस्तुराबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, लग्नात आलं होतं तसं चोरटं.

"किती करायची म्हंता?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

बाहेरचे पाय थांबले.

त्या दिवसापासून कॉलनीत ताकभात्यांच्या पत्रांची चेष्टा कुणी करत नाही. चेष्टा करायला आता चटणी आहे. मार्केट यार्डातून शेंगांची पोती येतात. नवरा फोडतो, भाजतो, बायको कुटते. तिनं जरा पाठ टेकली की तो मुसळ घेतो. भिंतीवरच्या फ्रेमा उतरवून माळ्यावर टाकल्या आहेत, वरच्या खोलीत आता पोतीच असतात. अभिमन्यूचे मित्र फोन करून सांगतात की काका, आता बास, ठेवायला जागा नाही.

डब्यामागून डबा भरतो, पण झाकण बिभीषणरावांच्या हातात असतं. शेवटचा डबा म्हणून त्यांनी एक बाजूला काढला आहे, मोठा, पितळी, आणि तो काही केल्या भरू देत नाहीत. कस्तुराबाईंचे हात पूर्वीसारखे चालत नाहीत. कधी कधी मुसळ वर उचललेलंच राहतं आणि घरात शांतता होते. मग फाटकापाशी, पत्र्याच्या खाली, कुणीतरी या पायावरचा भार त्या पायावर घेतं.

"अजून भरायचाय डबा," बिभीषणराव फाटकाकडं तोंड करून ठणकावून सांगतात, आणि बायकोच्या हातातून मुसळ घेतात.